चार बोटं भुई

शामकलावयनी बसलेली दिसली की समजायचं, गावात कुणीतरी गेलं. मयताच्या घरी ती बसते, एरवी नाही. ही थट्टा माझीच. मी तिच्या तोंडावर करते आणि ती उभ्या उभ्या हसते.

आमचं गाव दवनीवाडा. तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एक बोळ आहे, मोटारसायकल निघेल एवढा. माझ्या सपरीत, म्हणजे ओसरीत, शिलाई मशीन आणि बरोबर समोर तिच्या माजघराची खिडकी. ब्लाउजच्या बाह्या जोडता जोडता त्या घरातलं मला सगळं कळतं, आणि जे कळत नाही ते मी सरळ विचारते. लोक मला भोचक म्हणतात. म्हणोत बापडे, आपले ब्लाउज तरी कुठं वेळेवर घेऊन जातात!

दुधरामभाऊजींना, म्हणजे वयनीच्या नवऱ्याला, दीड वर्षामागं धानाच्या चुरण्यात, म्हणजे मळणीत, लकवा मारला. खळ्यावरच पडले. वाचा परत आली, हातही थोडाफार आला, पण उजवा पाय काही भुईवरून उचलत नाही. तो घासतच न्यावा लागतो. सपाट जागा असली तर भिंत धरून माणूस चालतो, अगदी चांगला चालतो. पण समोर दोन बोटांचा उंचवटा आला की संपलं. तिथं ते थांबतात आणि हाक मारतात, "वो!"

त्या "वो"वर आमची वयनी दीड वर्ष जगली. चूल असो, बकरी असो, अंगणात धान वाळत असो, हातातलं टाकून पळायचं. संडास मागच्या बाडीत, परसात. तिथं जायचं तर मागच्या दाराचा उंबरठा, मग पायऱ्या, मग नळाजवळचा चिखल. ती त्यांच्या काखेत खांदा द्यायची, वाकून त्यांचा उजवा पाय हातानं उचलायची आणि उंबरठ्यापलीकडं ठेवायची, एखादी कुंडी उचलून ठेवावी तसा. येताना पुन्हा तेच. भाऊजी हाडापेरानं दणकट माणूस, ही वाळकी काडी. तिचा डावा खांदा खाली उतरला आहे तो तेव्हापासून. मी तिच्या ब्लाउजचं माप घेते, मला माहीत आहे. आता तिचे दोन खांदे मी वेगवेगळे कापते.

त्यांचा मुलगा रोशन नागपूरला असतो, एका गोदामात कामाला. दिवाळीत आला तेव्हा आईचा खांदा त्याला दिसला. मला तर वाटतं मीच दाखवला. मी म्हटलं, "रोशन, तुयी माय एका बाजूनं खचून राहिली बाबू. भित जशी खचते ना, तशी."  जाण्याआधी त्यानं ठरवून टाकलं: माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीला दार फोडायचं आणि बाहेरून घराला लागूनच संडास-न्हाणी बांधायची. म्हणजे बाबूजी खाटेवरून उठतील, भिंत धरतील, आत जातील. कुणाला हाक नाही, कुणाचा खांदा नाही.

संक्रांत झाल्यावर उदाराम मिस्त्री आला. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. माणूस कामाचा चोख, तोंडाचा जड. मधे माघ पुनवेला कचारगडच्या जत्रेला गेला आणि आठवडाभर फिरकला नाही, तेव्हा मी त्याच्या नावानं बोटं मोडली. पण काम त्यानं टाळाटाळीचं केलं नाही, हे सांगायला पाहिजे. पुढं जे झालं त्यात त्याचा दोष काढणं सोपं आहे. मीही आधी काढला होता.

वयनीनं त्याच्याकडं एकच मागणं केलं. टाइल्स कुठल्या, रंग कुठला, नळ डावीकडं का उजवीकडं, कशाशी तिला देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "उदारामभाऊ, दारात त्याहीले पाय उचला लागू नये. बस. एवढं करून द्या."

"नाई लागनार काकी," उदाराम म्हणाला. "हितली भुई आन आतली भुई एका लेव्हलीत ठेवतो. आत गेल्यावर मंग पान्याले उतार देतो, मोरीकडं. दारात पट्टी नाई, उंबरठा नाई, काईच नाई."

आता आमच्याकडची एक रीत. घराचं कुठलंही काम काढलं की पहिली खूण देवाजवळून घ्यायची. नवी खोली असो की नुसतं सपरं, मिस्त्री आधी देवाच्या कोपऱ्यात नारळ फोडतो, तिथल्या भुईवर हळदकुंकू वाहतो आणि तिथूनच उंची धरतो. वयनीचा देव माजघराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात. उदारामनं तिथल्या भुईपासून हात-दीड हात वर भिंतीवर रेघ मारली. मग पाण्याची नळी काढली. पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. एक टोक या भिंतीला, दुसरं त्या भिंतीला धरलं की पाणी दोन्हीकडं एकाच उंचीवर उभं राहतं. देवाजवळचं टोक उदारामनं धरलं आणि पश्चिमेच्या भिंतीजवळचं वयनीनं. पाणी डुचमळायचं थांबलं तसं तिनं बोट ठेवलं, तिथं खूण झाली. त्या खुणेवरून तेवढंच खाली मोजून नव्या भुईची उंची ठरली. मी खिडकीतून बघत होते. मीच म्हटलं, "वा वयनी, मिस्त्रीन झाली का वो तू?"

होळीच्या आधी काम पुरं झालं. पांढऱ्या टाइल्स, निळी बादली, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. खाटेपासून नव्या दारापर्यंत भिंतीला बांबू बांधला होता, हात धरायला. दाराच्या जागची कच्च्या विटांची भिंत शेवटपर्यंत ठेवली होती, धूळ घरात येऊ नये म्हणून. ती त्या दिवशी काढली. भाऊजींना नवं बनियन घालून खाटेवर बसवलं होतं. ते उठले, बांबू धरला आणि निघाले. पाय घासायचा आवाज येत होता, खर्र, खर्र. मी मशीनवरून मान वर करून ऐकत होते.

दाराशी आवाज थांबला.

"वो!"

नवी भुई जुन्या भुईपेक्षा चार बोटं वर होती. लहान मूल रांगत चढलं असतं एवढीशी पायरी. भाऊजी तिच्यासमोर उभे, बोटं बांबूवर पांढरी पडलेली. वयनी चुलीवरून धावत आली, वाकली, त्यांचा पाय उचलला आणि टाइल्सवर ठेवला.  उदारामनं तिथंच नळी पुन्हा लावली. देवाजवळची रेघ आणि ही रेघ, पाण्याच्या हिशेबानं केसाचाही फरक नाही. तो डोकं खाजवत उभा राहिला. मला तेव्हा एवढा राग आला की मी बोळ ओलांडून गेले आणि त्याला वाट्टेल ते बोलले. तोही बिचारा ऐकून घेत होता.

खाली उतरवा म्हटलं तर उतरवता येत नव्हतं. आतली सीट आणि तिचा पाइप त्याच उंचीनं टाकीला जोडलेले. चार बोटं खाली घेतलं असतं तर मैला उलटा फिरला असता. रोशन फोनवर म्हणाला, "दिवाळीत येतो आन पुऱ्या माजघरात फरशीच टाकून देतो." दिवाळी! इथं उन्हाळा अजून लागायचा होता. मी फोन वयनीच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "बाबू, तुया बाप दिवाळीपर्यंत रोकून धरनार हाय का?"

उदारामनं दारापुढं सिमेंटचा उतार करून दिला, फुकट. पण सारवलेल्या मातीवर सिमेंट धरत नाही. थोड्याच दिवसांत त्याची कड सुटली, ढिलपा निघाला, आणि त्याच ढिलप्यात भाऊजींचा पाय अडकून ते गुडघ्यावर पडले. मी धावत गेले तर वयनी त्यांच्या शेजारी भुईवर ओणवी, त्यांना उठवायला बघते आहे आणि उठवता येत नाही. दोघींनी मिळून उचललं. ते माझ्याकडं बघेनात. त्यानंतर फळी टाकून पाहिली. ती हलायची. भाऊजींनी फळीवर पाय ठेवायला साफ नकार दिला. झालं, पुन्हा खांदा, पुन्हा पाय उचलणं. फरक एवढाच की आधी बाडीत जावं लागायचं, आता घरातल्या घरात.

वयनी त्या दिवसांत फार थकली. थकली म्हणजे बोलायचीच बंद झाली. मी खिडकीतून काही टोमणा मारला तर ती हो-नाही करायची आणि कामाला लागायची. बाडीतल्या संडासाची तिला सवय झाली होती, त्याचा तिनं कधी कंटाळा केला नाही. पण सुटका होणार म्हणून आशा लावायची आणि ती चार बोटांवर अडायची, हे सोसणं वेगळं. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

मग चैत्र तापला आणि भाऊजींना उन्हाळी लागली. लघवीला जळजळ, कंबरेत कळा, अंगात कणकण. गोरेगावच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की माणूस पाणीच पीत नाही. वयनी म्हणाली, "पीत नाई कसे? मी सोता लोटा भरून देतो, ते खाली करून वापस करते." डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि पुन्हा म्हणाला, पाणी पाजा, नाहीतर किडनीवर जाईल.

आता माझ्या भोचकपणाचं फळ ऐका. तिच्या माजघराच्या खिडकीखाली, बोळात, एक टमाटरचं रोप उगवलं होतं. कुणी लावलं नव्हतं, कुठल्या तरी बीचं आलेलं. चैत्रात आमच्याकडं दगड तापून फुटतात, माझी तुळस रोज पाणी घालून करपते, आणि हे रोप मात्र हिरवंगार, पोपटी, त्याला टमाटरं धरलेली. मी रोज मशीनवर बसून त्याच्याकडं बघत होते आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडत नव्हता. एके दुपारी खिडकीच्या गजांतून एक हात बाहेर आला, डावा हात, त्यात पितळी लोटा. लोटा उपडा झाला, पाणी रोपावर पडलं आणि हात आत गेला.

मी कात्री ठेवली आणि सरळ त्यांच्या घरात गेले. वयनी तांदूळ निवडत होती, उभ्यानंच, सूप धान्याच्या ढोल्यावर टेकवून. मी म्हटलं, "वयनी, तुया नवऱ्यानं शेती सुरू केली वो. टमाटर पिकवून राहिले." आणि तिला खिडकीतून रोप दाखवलं.

तिला समजायला वेळ लागला नाही. ती खाटेजवळ गेली. "अजी, पानी काऊन फेकता?"

भाऊजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. ते वळले नाहीत.

"पानी पेलो का जा लागते," ते म्हणाले. "जा लागलं का तुले उठा लागते. कितीक येळा उठवू तुले?"

वयनीच्या हातात सूप होतं ते तसंच राहिलं.  ती शेवटी म्हणाली, "मंग मराचं हाय का असं?" आणि ते म्हणाले, "मेलो त तुले बसाले त भेटंल." तेव्हा ती रडली. मी तिला सासूच्या मयताला रडताना पाहिलं होतं, पण ते रडणं रीतीचं होतं. हे तसं नव्हतं. मी भाऊजींना झापलं. आजारी माणसाला झापू नये म्हणतात, पण मला राहवलं नाही. म्हटलं, लकवा पायाले मारला का अकलीले?

दुसऱ्या दिवशी मी उदारामला हाताला धरून आणलं. पानठेल्यावर उभा होता, तिथून. म्हटलं, हितं उभा राह्य आन सांग का चुकलं. त्यानं या वेळी नळी काढली नाही. सूत काढलं. एक टोक देवाच्या कोपऱ्यात भुईवर दाबून धरलं, दुसरं पश्चिमेच्या दारात नव्या टाइल्सवर, आणि सूत ताणलं. माजघरभर सुताखाली पोकळी दिसली. मधे तीन बोटं, दाराशी चार. फक्त देवाजवळ सूत भुईला टेकलं होतं. उदाराम गुडघ्यावर बसला, देवाच्या पाटाशेजारी करणीचं, म्हणजे थापीचं, टोक खुपसलं आणि मातीचा एक तुकडा उपसला. त्याच्या कडेला पापुद्रे दिसत होते, एकावर एक, मोजता न येण्यासारखे. शेण आणि माती, शेण आणि माती.

"काकी," तो हळू म्हणाला, "रोज सारवता का जी हितं?"

रोज. सकाळी अंघोळ झाली की देवाजवळची हातभर जागा वयनी रोज सारवते. लग्न होऊन आली तेव्हापासून, आणि त्याआधी तिची सासू. बाकीचं माजघर आठवड्यातून एकदा. त्यावर माणसं चालतात, झाडू फिरतो, खाट ओढली जाते, सारवलेलं झिजून जातं. देवाजवळ कोण चालणार? तिथं रोजचा हात चढत गेला, चढत गेला, आणि चार बोटं झाला. उदारामनं रीतीप्रमाणं देवाजवळून खूण धरली. नळीतल्या पाण्यानं ती इमानानं या भिंतीवरून त्या भिंतीवर नेली. आणि त्या भिंतीशी बोट ठेवलं तेही हिनंच.

वयनीनं तो मातीचा तुकडा हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे मीच चढवून ठेवली," ती म्हणाली. उदाराम म्हणाला, "नाई जी, मी पाहाले पायजे होतं." मी मधे पडले, "देवानं पाहाले पायजे होतं! मजेत चढून बसला कोपऱ्यात." कुणी हसलं नाही.

तिनं तो तुकडा परत होता तिथं दाबून बसवला. मग म्हणाली, "चढवली त चढवता येते ना?"

उदारामनं सांगून पाहिलं, माती एकदम भरली तर भेगा पडतील, सगळं माजघर उचललं तर पुढचं दार उघडणार नाही, त्याची फळी घासेल. "सगळं कोन उचलते?" वयनी म्हणाली. तिला फक्त वाट हवी होती. खाटेपासून नव्या दारापर्यंत, बांबूच्या कडेनं, एक माणूस चालेल एवढी. खाटेजवळ काहीच नाही आणि दाराशी चार बोटं, अशी हळूहळू चढत जाणारी, की घासत्या पायाला चढ कळूच नये.

त्या दिवसापासून ती बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या, काठची पांढरी माती आणायला लागली, टोपल्यानं, त्याच उतरलेल्या खांद्यावरून. चाळायची, धानाचा कोंडा आणि शेण घालून मळायची, आणि हाताच्या पंजानं पातळ थर द्यायची. एक थर वाळला की दुसरा. उन्हाळ्याचं ऊन होतं म्हणून थर वाळायचे. मी माती मळायला गेले, दोनदा. तिसऱ्यांदा माझी कंबर धरली आणि मी सपरीतूनच सल्ले दिले. भाऊजी खाटेवरून बघत असायचे. पाणी ते प्यायला लागले होते, पण तिच्या धाकानं. ती समोर उभी राहून लोटा रिकामा होताना बघायची, आणि मग ते गुन्हेगारासारखे "वो" म्हणायचे. ती थर देत होती, त्यांना उचलून नेत होती, पुन्हा येऊन ओल्यावर उमटलेली स्वतःची पावलं बुजवत होती. मी म्हटलं, वयनी, संडास बांधला त काम कमी व्हाले का वाढाले? ती म्हणाली, "मले नोको विचारू बाई. विचारलं त हात थांबते."

जेठ लागला तेव्हा वाट दाराला टेकली. शेवटचा थर वाळल्यावर तिनं जुनं-नवं जिथं मिळतं तिथं डोळे मिटून तळहात फिरवला. अडलं नाही. मग तिनं भाऊजींना काहीच सांगितलं नाही. स्वयंपाकाकडं निघून गेली.

दुपारची वेळ. मी मशीनवर होते. खाट करकरली. पाय घासायचा आवाज सुरू झाला, खर्र, खर्र. मी मशीनचा पायटा थांबवला. इतक्या महिन्यांत माझ्या कानाला सवय झाली होती की आता आवाज थांबणार आणि हाक येणार. आवाज थांबला नाही. तो मातीवरून टाइल्सवर गेला, तिथं वेगळा वाजला, गुळगुळीत, आणि दार लोटल्याचं ऐकू आलं. वयनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, ओल्या हातांनी. थोड्या वेळानं बादलीत पाण्याची धार वाजली. मग पाय पुन्हा घासत आला, टाइल्सवरून मातीवर, आणि खाटेपर्यंत.

भाऊजी बसले. घाम पुसला. मग म्हणाले, "पानी दे वो."

त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं होतं. वयनीनं लोटा भरून आणला आणि त्यांनी तो तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली आणला. गळ्यातून आवाज येत होता. लोटा तिच्याकडं परत देत म्हणाले, "आनखी दे."

तिनं लोटा घेतला नाही. भिंतीला पाठ लावली, घसरत घसरत खाली आली, आणि त्या सारवलेल्या वाटेवर पाय लांब करून बसली.

"माठ तिकडंच हाय," ती म्हणाली. "मधात काई नाई. घ्या हातानं."

भाऊजींनी तिच्याकडं पाहिलं, मग खिडकीतून माझ्याकडं पाहिलं, जणू मीच शिकवलं होतं.  बांबू धरून उठले. तिनं पाय जवळ ओढून वाट दिली, पण उठली नाही. खर्र, खर्र करत ते माठाकडं गेले, माठावरचं झाकण वाजलं, लोटा बुडाल्याचा आवाज आला.

मी मशीन सोडून नुसती बघत राहिले.  शामकलावयनी बसली होती, आणि कुणी मेलं नव्हतं.